कोंबड्या एकमेकींना का टोचतात? करकंबमधल्या एका शेडसाठी संशोधनाचा आराखडा

विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटची तयारी करताना किंवा गाइडसमोर पहिल्यांदा बसताना बहुतेकांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. "कुक्कुटपालनातील समस्या" हा विषय झाला. त्यावर कमिटीतला कुणीतरी विचारतो, "म्हणजे नक्की काय शोधणार?" आणि आपण गप्प बसतो. म्हणून आज एक अगदी जमिनीवरचा विषय घेऊ आणि तो पायरीपायरीनं प्रश्नापर्यंत, मग आराखड्यापर्यंत नेऊ. विषय आहे कोंबड्यांमधली टोचाटोची. तुमचं शास्त्र वेगळं असलं तरी वाचा. शेवटी जे गणित येतं ते शाळेतल्या मुलांवर, गावातल्या घरांवर, द्राक्षाच्या वेलांवर, सगळीकडे सारखंच लागू पडतं.

शेड कुठलं आणि अडलंय काय

जागा धरू करकंब. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागणारं, पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव. आजूबाजूला ऊस आणि फळबागा. उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या वर, ही सोलापूर जिल्ह्यातली नेहमीची गोष्ट. समजा इथल्या एका महिला बचत गटानं कर्ज काढून सुधारित गावरान जातीच्या पाचशे तलंगा घेतल्या. पत्र्याचं शेड, दोन्ही बाजूंना जाळी, खाली तुसाची गादी. अंड्यावर यायच्या सुमाराला काही कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जायला लागली. मग शेपटीच्या मुळाशी लाल चट्टे. आणि एका सकाळी एक कोंबडी मरून पडलेली, मागचा भाग फाडलेला.

आता सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं उष्णता वाढली. कुणी म्हणतं मीठ कमी पडलं, पाण्यात मीठ घाला. कुणी म्हणतं गर्दी झाली, कुणी म्हणतं जातच भांडखोर. आणि अनुभवी माणूस एका वाक्यात विषय संपवतो, "चोची कापा."

यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक गृहीतक आहे, हे आधी लक्षात घ्या. आपण कॉलेजात 'हायपोथेसिस' म्हणून जे पाठ करतो ते गावात माणसं रोज बोलत असतात. फरक एवढाच की त्यांना ते तपासायला वेळ आणि पैसा नसतो. ते काम तुमचं. आणि चुकीचं तपासलंत तर किंमत तुम्ही मोजत नाही, तो बचत गट मोजतो. पाण्यात अंदाजानं मीठ टाकलं तर कोंबड्यांना मिठाची विषबाधा होऊ शकते. म्हणजे चुकीच्या उत्तरानं टोचाटोचीपेक्षा जास्त पक्षी जाऊ शकतात.

पायरी पहिली: एक शब्द, पाच वागणुकी

'टोचणं' हा एक शब्द आहे, पण त्यात किमान पाच वेगळ्या गोष्टी आहेत.

१. भांडणातलं टोचणं. हे समोरासमोर असतं, डोक्यावर आणि तुऱ्यावर. कळपात कोण वर, कोण खाली हे ठरवण्यासाठी. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांमधली ही उतरंड सविस्तर नोंदवली आणि १९२२ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. इंग्रजीतला 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द तिथून आला. उतरंड ठरली की हे भांडण बहुतेक वेळा थंडावतं.

२. हलकं पिसं टोचणं. पिसाच्या टोकाशी चाळा केल्यासारखं. समोरची कोंबडी बऱ्याचदा लक्षही देत नाही.

३. जोरात पिसं उपटणं. इथे पिसू ओढून काढलं जातं, कधी खाल्लंही जातं. समोरची ओरडते, पळते. पाठ आणि शेपटीचं मूळ उघडं पडतं.

४. बुडाशी टोचणं. अंडं घातल्यावर आतला ओलसर लाल भाग थोडा वेळ बाहेर दिसतो. त्यावर उजेड पडला की दुसरीचं लक्ष जातं.

५. जखमेवर टोचून मांस खाणं, म्हणजे स्वजातिभक्षण. रक्त दिसलं की हे फार झपाट्यानं होतं.

आता परत सल्ल्यांकडे बघा. "जातच भांडखोर" हा सल्ला पहिल्या प्रकाराबद्दल आहे, पण शेडमधलं नुकसान तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराचं आहे. पिसं उपटणारी कोंबडी रागात नसते. ती मागून येते, शांतपणे येते, आणि ज्या ढंगानं जमीन टोचायची त्याच ढंगानं दुसरीची पाठ टोचते. सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'टोचणं मोजणार' असं लिहिलंत तर पाच वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज कराल, आणि त्या बेरजेला काही अर्थ उरणार नाही. व्याख्या आधी, मोजणी नंतर.

पायरी दुसरी: कारणांची कुस्ती लावा

पिसं टोचण्यामागे काय आहे यावर दोन मोठी गृहीतकं आहेत.

पहिलं नेदरलंड्सच्या ब्लोकहाउस यांचं, १९८६ च्या पेपरमधलं. त्यांचं म्हणणं: कोंबडीला जमीन टोचायची मूळ ओढ असते. जमिनीवर टोचण्याजोगं काही नसलं की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. दुसरं डेन्मार्कच्या वेस्टरगार्ड यांचं. त्यांच्या मते यामागे धुळीत लोळण्याची, म्हणजे मातीस्नानाची गरज आहे. मोकळी माती मिळाली नाही तर पिल्लू पिसांनाच माती समजायला शिकतं.

दोन्ही ऐकायला पटतात. आपल्याकडे उकिरडा उकरणारी कोंबडी आणि राखेत लोळणारी कोंबडी दोन्ही रोज दिसतात. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी १९८९ मध्ये लाल रानकोंबड्यांचं दिवसाचं वेळापत्रक प्रसिद्ध केलं. दाणे टाकून खायला घातलेल्या असूनही त्या माद्या निरीक्षणाच्या जवळजवळ ६० टक्के मिनिटांत जमीन टोचताना आणि सुमारे ३४ टक्के मिनिटांत जमीन उकरताना दिसल्या. पोट भरलेलं असतानाही टोचणं थांबत नाही. शेडमध्ये खाद्याचं भांडं त्यापेक्षा कमी वेळात हवं ते देतं. मग उरलेल्या दिवसाच्या टोचण्याचं काय करायचं?

पण 'पटतं' हा पुरावा नव्हे. दोन गृहीतकं समोर आली की असा प्रयोग शोधायचा जिथे दोघांचं भाकीत वेगळं निघेल. स्वित्झर्लंडच्या हूबर-आइखर आणि वेक्सलर यांनी १९९७ मध्ये नेमकं हे केलं. पिल्लांच्या काही गटांना लोळायला वाळू दिली, काहींना चाळवायला गव्हाण्यासारखं काड. वेस्टरगार्ड बरोबर असतील तर वाळूनं टोचणं थांबायला हवं. ब्लोकहाउस बरोबर असतील तर काडानं. निकाल काडाच्या बाजूनं लागला. वाळू असूनही पिसं टोचणं वाढलं, चाळवायला काड मिळालेल्या पिल्लांत ते कमी राहिलं.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्याच जोडीनं आणखी बारीक प्रश्न विचारला: काड कसं दिलं याचा फरक पडतो का? लांब काड आणि बारीक केलेलं काड यांत लांब काड सरस ठरलं. लांब काडीशी कोंबडी जास्त वेळ खेळते. उचलते, ओढते, फाडते. बारीक भुश्श्यात करण्यासारखं तेवढं काही नसतं.

इथे थांबा. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातले असाल तर डोक्यात एक गोष्ट वाजली पाहिजे: कडबा आणि कुट्टी. आपला प्रश्न इथेच दडलाय. पण त्याआधी दोन लोकप्रिय उपाय बघू.

चोच कापणं: ताप तसाच, थर्मामीटर बोथट

चोच कापली की नुकसान कमी होतं, हे खरं आहे. बोथट चोचीनं पीस नीट पकडता येत नाही. व्यापारी अंड्यांच्या धंद्यात म्हणूनच ही पद्धत रुळली. तापलेल्या पात्यानं किंवा हॅचरीत पहिल्याच दिवशी इन्फ्रारेडनं. पण चोच म्हणजे नख नव्हे. तिच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. एडिंबरातल्या ब्रेवर्ड आणि जेंटल यांनी १९८५ मध्ये दाखवलं की मोठ्या कोंबड्यांची चोच कापल्यावर तुटलेल्या मज्जातंतूंच्या गाठी तयार होतात आणि त्यातून विचित्र संदेश जात राहतात. माणसाचा हात-पाय कापल्यावर ठणकत राहतो, त्या जातीची ही गोष्ट. युरोपीय महासंघाच्या १९९९ च्या नियमात चोच कापायची तर पिल्लू दहा दिवसांच्या आतलं हवं अशी अट आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांनी ती पद्धतच बंद केली.

संशोधक म्हणून तुमच्यासाठी यात वेगळा धडा आहे. चोच कापल्यानं 'नुकसान' कमी होतं, 'ओढ' कमी होत नाही. तुम्ही फक्त जखमा मोजल्या तर चोच कापणं हा रामबाण उपाय वाटेल. वागणूक मोजली तर कळेल की कोंबडी अजूनही शेजारणीच्या पाठीशीच लागलेली आहे. काय मोजलं यावर उत्तर बदलतं. म्हणून दोन्ही मोजा.

उजेड आणि जात: बाहेरचा सल्ला इथे बसतो का?

परदेशी पुस्तिकांत हमखास सल्ला असतो: टोचाटोची सुरू झाली तर उजेड कमी करा. बंद शेडमध्ये ते एका बटणाचं काम. करकंबचं शेड दोन्ही बाजूंनी जाळीचं. उजेड कमी करायला गोणपाट सोडलं तर वारा बंद, आणि मे महिन्यात वारा बंद म्हणजे कोंबड्या उष्माघातानं जाणार. इथे उपाय उजेड 'कमी' करायचा नसून थेट ऊन आत येऊ न देण्याचा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवणं, पत्रा जाळीच्या बराच पुढे काढणं, शेडनेट, कडेनं झाडं, आणि अंडी घालायच्या खोक्यांत अंधार राहील असं बघणं. बुडाशी टोचण्याचा प्रकार आठवा. खोक्यात अंधार असला तर तो लाल भाग दिसतच नाही.

खर्चाचंही तसंच. युरोपातल्या हिशेबात पिसं गेलेली कोंबडी थंडीत ऊब टिकवायला जास्त खाद्य खाते, आणि टोचाटोचीचा मोठा तोटा तिथून येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. उष्ण प्रदेशांसाठी बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं उघड्या मानेच्या कोंबडीपासून 'हितकारी' हा संकर तयार केला, तो कमी पिसांचा फायदा घेण्यासाठीच. इथला तोटा असेल तर तो जखमा, माश्या, जंतुसंसर्ग आणि मेलेले पक्षी यांचा. साहित्याचा आढावा घेताना नुसता निष्कर्ष लिहू नका. तो निष्कर्ष ज्या हवेत, ज्या शेडमध्ये निघाला ते शेजारी लिहा. आढाव्याचे अर्धे गुण तिथेच असतात.

'जात' या कारणावर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांचं १९९६ चं काम वाचाच. आपली नेहमीची समज अशी की जी कोंबडी सर्वांत जास्त अंडी देते तिचीच पिल्लं पुढे वाढवायची. म्यूर म्हणाले, पिंजऱ्यात जास्त अंडी देणारी कोंबडी इतरांना दाबून, टोचून पुढे गेलेली असू शकते. तिला निवडलं तर आपण टोचणाऱ्याच निवडतो. म्हणून त्यांनी एकेक कोंबडी न निवडता एकाच कुळातल्या बहिणींचा अख्खा पिंजरा निवडला. ज्या पिंजऱ्यातल्या सगळ्या मिळून चांगल्या जगल्या आणि अंडी दिली, ते कूळ पुढे. चोची कापलेल्या नव्हत्या. वर्षभरातलं मरण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होतं, ते चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आलं.

म्हणजे जातीचा वाटा आहेच. पण बचत गटाच्या हातात तो नाही. तलंगा आलेल्या आहेत, कर्जाचा हप्ता सुरू आहे. तेव्हा आपला प्रश्न त्यांच्या हातात असलेल्या गोष्टीवर हवा.

पायरी तिसरी: प्रश्न लिहा

हा बघा: "गादी पद्धतीच्या उघड्या शेडमध्ये ज्वारीचा कडबा लांब दिल्यास, तितक्याच वजनाची कुट्टी देण्याच्या तुलनेत, कोंबड्यांची पिसं कमी खराब होतात का?"

हा प्रश्न चांगला का आहे? मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात कडबा घरोघरी ओळखीचा. दोन्ही गटांना तीच वस्तू, तेवढ्याच वजनाची मिळते, म्हणून "तंतुमय पदार्थ पोटात गेल्यामुळे फरक पडला असेल" ही शंका बरीचशी निघून जाते. फरक फक्त आकाराचा उरतो. आणि कुठल्याच कप्प्यातल्या कोंबड्यांना काहीही न देता आपण टोचू देत नाही. इथे नीतीची बाजू आणि शास्त्राची बाजू एकाच दिशेला जाते, आणि असं नेहमी होत नाही.

एक सापळा आहे. लांब कडब्याची पेंढी टांगायची आणि कुट्टी जमिनीवर पसरायची, असं सहज सुचतं. तसं केलंत तर लांबीबरोबर उंचीही बदलली. निकाल लांबीचा की टांगण्याचा, सांगता येणार नाही. दोन्ही जमिनीवर द्या, एकाच वेळी, सारख्याच जागी. आणि कोरडं द्या. ओलसर कडब्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्यांच्या फुफ्फुसाला घातक असते. लांब काडीनं एखादीची गळ्याखालची पिशवी गच्च होते का, हेही रोज चाचपून बघावं लागेल.

पायरी चौथी: पाचशे म्हणजे पाचशे नव्हे

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. बहुतेकांचा पहिला आराखडा असा असतो: शेड मधोमध जाळीनं विभागायचं, अडीचशे कोंबड्या लांब कडब्याला, अडीचशे कुट्टीला. सॅम्पल साइज ५००. छान!

नाही. सॅम्पल साइज २.

टोचाटोची पसरते. एकीनं सुरू केलं, रक्त दिसलं, की कप्प्यातल्या दहाजणी त्यात येतात. म्हणजे एका कप्प्यातल्या कोंबड्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. शिवाय एका बाजूला दुपारचं ऊन जास्त असेल, एका बाजूनं माणसांची ये-जा असेल. तो फरक तुमच्या कडब्याच्या फरकात कायमचा मिसळून गेला. १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. मराठीत आपण खोटी पुनरावृत्ती म्हणू. आकडे पाचशे, पुरावा दोनाचा.

किती मोठी घट होते ते छोट्या सूत्रानं बघा. कप्प्यात m कोंबड्या आणि त्यांच्यातलं साम्य ρ असेल तर १ + (m − १) × ρ या संख्येनं एकूण कोंबड्यांना भागायचं. उदाहरणापुरतं ρ = ०.१ धरू. अडीचशेच्या कप्प्यात १ + २४९ × ०.१ = २५.९. पाचशे भागिले २५.९, म्हणजे सुमारे १९. पाचशे कोंबड्यांचं खाद्य घातलंत आणि माहिती एकोणीस कोंबड्यांची मिळाली.

आता तेच शेड वेगळं विभागा. ८ बाय १० फुटांचे १२ कप्पे, प्रत्येकात ४० कोंबड्या, म्हणजे कोंबडीमागे २ चौरस फूट. एकूण ४८०. १ + ३९ × ०.१ = ४.९. आणि ४८० भागिले ४.९ म्हणजे सुमारे ९८. वीस कोंबड्या कमी घेऊन माहिती पाचपट. कप्प्यांमधली आडभिंत खालून अडीच-तीन फूट बंद पत्र्याची ठेवा, नाहीतर जाळीतून शेजारच्या कप्प्यातली पिसं ओढली जातील.

शेजारशेजारच्या दोन कप्प्यांची एक जोडी करा. सहा जोड्या. प्रत्येक जोडीत कुणाला लांब, कुणाला कुट्टी हे नाणं उडवून ठरवा. मालकिणीला विचारून नाही, आणि स्वतःला विचारून तर मुळीच नाही. जोडीतल्या दोघांवर ऊन-वारा जवळपास सारखा, म्हणून बाजूचा फरक आपोआप निघून जातो.

सहाच का? साधी चिन्ह चाचणी लावून बघा. कडब्यानं काहीच फरक पडत नसेल तर प्रत्येक जोडीत कुणाची पिसं बरी निघतील हे छापा-काट्यासारखं. सहाच्या सहा जोड्या एकाच बाजूला झुकण्याची शक्यता, दोन्ही बाजू धरून, ६४ मध्ये २, म्हणजे ०.०३१. पाचच जोड्या घेतल्या असत्या तर सगळ्या एकाच बाजूला लागूनही ३२ मध्ये २, म्हणजे ०.०६२५. या चाचणीत पाच जोड्यांनी ०.०५ ची रेघ कधीच ओलांडता येत नाही, निकाल कितीही सुंदर लागला तरी! आणि सहातली एक जोडी उलटी गेली तर? शक्यता थेट ०.२१९. फरकाचा आकार धरणाऱ्या चाचण्या यापेक्षा जास्त काही पिळून काढतात, पण हिशेब कागदावर आधी करून बघायची सवय हवी. कोंबड्या आणल्यावर हे गणित सुचलं तर उपयोग नाही.

पायरी पाचवी: मोजायचं कसं, थांबायचं कधी

पिसांसाठी प्रचलित पद्धत अशी: मान, छाती, पाठ, पंख, शेपटी आणि बूड अशा सहा जागांना प्रत्येकी १ ते ४ गुण, ४ म्हणजे पीस पूर्ण शाबूत. दर महिन्याला प्रत्येक कप्प्यातल्या ठरावीक संख्येच्या कोंबड्या तपासायच्या. दोन माणसांनी आधी त्याच वीस-पंचवीस कोंबड्यांना वेगवेगळे गुण द्यायचे आणि ते किती जुळतात ते कप्पानं मोजायचं (हा कप्पा आकडेशास्त्रातला, शेडमधला नव्हे). जुळत नसतील तर कोंबडीचा दोष नाही, व्याख्या सैल आहे.

गुण देणाऱ्याला कोंबडी कुठल्या गटातली हे कळता कामा नये. शेडमध्ये ते अशक्य, कारण जमिनीवरचा कडबा दिसतोच. म्हणून साध्या एकरंगी कापडासमोर धरून फोटो काढा, फोटोंना क्रमांक द्या, ते मिसळा आणि गुण दुसऱ्याकडून द्या. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

वागणूक वेगळी मोजा. प्रत्येक कप्प्यासमोर ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटं, पाचही प्रकार वेगळ्या रकान्यांत. तुम्ही आल्यावर कोंबड्या आधी तुमच्याकडे बघतात, म्हणून पहिली काही मिनिटं सोडून द्या.

आणि थांबण्याचा नियम आधी लिहा. रक्त आलेली कोंबडी तत्क्षणी बाहेर काढायची, उपचार करायचे. प्रयोगासाठी तिला आत ठेवायचं नाही. पण आकड्यांतून तिला गाळायचंही नाही. 'अमुक दिवशी जखमी, बाहेर काढली' ही स्वतःच एक मोठी नोंद आहे. गाळलीत तर काय होईल बघा: ज्या कप्प्यात सर्वांत जास्त कोंबड्या टोचल्या गेल्या, त्या सगळ्या बाहेर गेल्या, आत उरल्या धडधाकट. महिन्याअखेर त्याच कप्प्याचे पिसांचे गुण सर्वांत चांगले! असे निकाल छापून येतात आणि मग शेतकऱ्याला सल्ला म्हणून परत जातात.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीशी काम सुरू करायच्या आधी बोला, नंतर नाही. पक्षी बचत गटाचे असतील तर लेखी संमती, आणि प्रयोगामुळे पक्षी गेले तर भरपाई कोण देणार हेही लेखी हवं.

आणि आज काय सांगायचं?

तुमचा प्रबंध व्हायला चार-पाच वर्षं लागतील. शेडमधल्या कोंबड्या तेवढं थांबणार नाहीत. मग आज विचारलं तर?

ब्रिस्टल विद्यापीठाच्या लॅम्बटन, निकोल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या मोकळ्या पद्धतीच्या कळपांवरचं काम प्रसिद्ध केलं. एकच जादूचा उपाय शोधण्याऐवजी त्यांनी प्रत्येक फार्मला त्याच्या गरजेप्रमाणे उपायांचा संच दिला. जिथे जितके जास्त उपाय राबवले गेले, तिथे पिसं तितकी बरी राहिली. टोचाटोचीला एक कारण नाही, म्हणून एक उत्तरही नाही.

तेव्हा आज सांगण्यासारखं एवढं: जखमी कोंबडी लगेच वेगळी करा. कुणी टोचणारी नेमकी ओळखू आली तर तिलाही काढा. गादी कोरडी आणि भुसभुशीत ठेवा, गठ्ठे झाले तर उकरून मोकळे करा. रोज संध्याकाळी मूठभर ज्वारी गादीत विखरा, कडबा किंवा लसूणघास द्या. खाद्य एकदम बदलू नका. प्रथिनं, मेथिओनिन, मीठ यांची शंका आली तर पाण्यात अंदाजानं काही न टाकता खाद्य तपासून घ्या. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या बांबूंच्या फटी बघा, तिथे गोचीड किंवा लाल माइट लपलेले असतात. पुढच्या खेपेला पिल्लं आणाल तेव्हा पहिल्या आठवड्यांपासूनच त्यांना चाळवायला काहीतरी द्या, कारण सवय तिथे लागते. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेली कोंबडी दाखवा. टोचून मेली की मेल्यावर टोचली, हे तिथेच कळतं.

आता तुमचं काम. एक कोरा कागद घ्या आणि स्वतःच्या विषयावर पाच ओळी लिहा: मोजायची गोष्ट कोणती आणि ती किती वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज आहे, कुठली दोन कारणं एकमेकांशी भांडतात, कुठल्या प्रयोगात त्यांची भाकितं वेगळी पडतील, खरा एकक कोणता, कोंबडी की कप्पा, विद्यार्थी की वर्ग, झाड की बाग, आणि कुठल्या क्षणी तुम्ही प्रयोग थांबवाल. चौथ्या ओळीवर बहुतेकजण अडतात. अडलात तर पुढे जाऊ नका. गाइडकडे जा आणि तेवढी एकच ओळ घेऊन बसा. त्या ओळीवर घालवलेला एक आठवडा नंतरची दोन वर्षं वाचवतो. आणि ज्यांच्या शेडमध्ये तुम्ही उभे राहणार आहात, त्यांचे पक्षीही वाचवतो.